सापाचं घर कोण धुतं? टोपली, मडकं आणि काचेची पेटी



इतिहासाच्या व्याख्यानात आपण सहसा राजे, लढाया, चळवळी यांच्याविषयी बोलतो. आज आपण एका पेटीविषयी बोलणार आहोत. माणसानं पकडलेला साप ज्या टोपलीत, मडक्यात किंवा काचेच्या पेटीत राहतो, ती कोण धुतं, कशानं धुतं आणि केव्हापासून धुवायला लागलं, हा आजचा विषय. विषय बारका आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण बारक्या वस्तूंचा इतिहास पाहिला की माणसं जे तोंडानं बोलत नाहीत ते त्यात सापडतं.

बुलढाणा जिल्ह्यात हा विषय मांडायला कारणही आहे. आपला जिल्हा कपाशी-सोयाबीनचा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात, मृगाच्या पावसात त्या भेगांत पाणी शिरतं आणि आतले जीव बाहेर पडतात. कुटाराच्या ढिगात उंदीर असतो, उंदरामागे धामण येते, नाग येतो. घाटावर असो की घाटाखाली, साप निघाला की सर्पमित्राला फोन जातो. तो येतो, साप बरणीत भरतो, गर्दी सुटकेचा श्वास सोडते. पुढे त्या बरणीचं काय होतं, हे गर्दीतलं कोणी विचारत नाही. आपण ते विचारू.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे घरी साप पाळण्याची ही शिकवणी नव्हे. कायद्यानं ज्यांच्या ताब्यात साप असू शकतात असे लोक आहेत: प्राणिसंग्रहालयं, वनविभागाची उपचार केंद्रं, विष गोळा करणाऱ्या परवानाधारक संस्था आणि रीतसर नोंद करून परदेशी जातीचे साप बाळगणारे काही शहरी लोक. पेटी धुण्याचं काम त्यांच्याकडे रोज येतं. आणि सर्पमित्राची बरणी आहेच.

शुद्ध, स्वच्छ, निर्जंतुक

तत्त्वज्ञानाच्या वर्गात वाद सुरू करण्याआधी आम्ही शब्द वेगळे करून घेत असू. आजही तेच करू. आपल्या बोलण्यात तीन शब्द एकमेकांत मिसळतात: शुद्ध, स्वच्छ आणि निर्जंतुक.

शुद्ध हा विधीचा शब्द आहे. सोवळ्याचं रेशमी वस्त्र कित्येक दिवस धुतलं नाही तरी सोवळंच राहतं, आणि कालच धुतलेलं सुती धोतर कोणाच्या स्पर्शानं ओवळं होतं. इथे मळाचा संबंध येत नाही. स्वच्छ हा डोळ्यांचा शब्द आहे. मळ दिसत नाही, वास येत नाही, म्हणजे स्वच्छ. निर्जंतुक हा तिसरा शब्द वयानं सर्वांत लहान. जे डोळ्यांना दिसत नाही तेही तिथे उरलेलं नाही, असा त्याचा दावा आहे. हा दावा नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो, प्रयोगशाळा लागते, आणि त्या दोन्ही नसतील तिथे शिस्त लागते.

आता साप घ्या. नाग आपल्याकडे देव. नागपंचमीला त्याला लाह्या वाहायच्या, दूध दाखवायचं, हळद-कुंकू लावायचं. देव शुद्धच असतो. मग त्याच्या टोपलीत विष्ठा साचली आहे का, दूध आंबलं आहे का, असा प्रश्न भक्ताच्या मनात यायला जागाच नव्हती. पहिल्या शब्दानं उरलेले दोन शब्द झाकून टाकले.

याला आणखी एक बाजू आहे. ज्या समाजात झाडू हातात घेणाराच अस्पृश्य ठरवला जात होता, तिथे स्वच्छता करणं हे ज्ञानाचं काम आहे, असं कोणाला वाटणार? विष्ठा पाहायची, तिचा रंग बघायचा, त्यावरून प्राण्याची प्रकृती ओळखायची, हे प्रतिष्ठित माणसाचं काम समजलं गेलं नाही. याच वऱ्हाडात गाडगेबाबांनी तो क्रम उलटा केला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले बाबा गावात शिरले की आधी गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी झाडू, मग कीर्तन. हा क्रम लक्षात ठेवा. पेटी धुण्याच्या शास्त्रात तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

टोपली आणि मडकं

सापांविषयी आपल्या परंपरेत ज्ञान नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. सुश्रुताच्या कल्पस्थानात फणा काढणारे दर्वीकर, मंडलं असणारे मंडली, रेषा असणारे राजिमंत अशी सापांची वर्गवारी आहे, प्रत्येकाच्या विषाची लक्षणं आहेत. पण त्या शास्त्राचं लक्ष माणसाच्या शरीरात शिरलेल्या विषाकडे आहे. साप तिथे रोगाचं कारण म्हणून येतो. बंदिवान जीव म्हणून त्याची गाठ पडली ती गारुड्याशी.

गारुड्याची टोपली वेताची किंवा बांबूची, शेणानं लिंपलेली. फिरस्त्याला ती सोयीची: हलकी, हवा खेळती ठेवणारी, खांद्याला अडकवता येणारी. पण तिच्या विणीत मळ अडकतो आणि निघत नाही. ती घासली तर उसवते, उकळत्या पाण्यात घातली तर बिघडते. साप तिच्यात वेटोळं करून राही, त्यातच विष्ठा, त्यातच सुटलेल्या कातीचे तुकडे. अनेक सापांचे दात काढलेले, काहींची तोंडं शिवलेली. तोंडातली जखम आणि मळकी टोपली एकत्र आली की पुढे काय होतं, ते सांगायला नको. तोंड सुजतं, पू होतो, साप खात नाही. नागपंचमीला तहानलेला साप दुधात तोंड घालतो आणि आपल्याला वाटतं देव दूध प्यायला. दूध हे सापाचं अन्न नाही. सांडलेलं दूध टोपलीत आंबतं आणि जंतूंची मात्र पंगत होते.

हे सांगताना गारुड्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा आमचा हेतू नाही. भटक्या माणसाच्या स्वतःच्या पालात जिथे पाण्याची वानवा, तिथे टोपली धुवायला पाणी कुठून येणार? कायद्यानं त्याचा धंदा बंद केला, ते सापाच्या दृष्टीनं योग्यच झालं. पण त्याच्या हातातलं सापाविषयीचं कसब दुसऱ्या कामी लावण्याची तजवीज आपण केली नाही, हेही इतिहासात नोंदवलं पाहिजे.

टोपलीनंतर मडकं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नागपंचमी महाराष्ट्राला माहीत आहे. सणाच्या आधी नाग पकडायचे, मडक्यांत ठेवायचे, पंचमीला पूजा आणि मिरवणूक करायची आणि मग सोडून द्यायचे, अशी तिथली रीत होती. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचे ते खेळ थांबले. मडकं थंड राहतं, अंधारं असतं, सापाला लपल्यासारखं वाटतं. हे त्याचे गुण. दोष एवढाच की भाजलेली माती सच्छिद्र असते. तिच्यात जे मुरलं ते मुरलं.

याच मडक्याचा वेगळा उपयोग तामिळनाडूत दिसतो. चेन्नईजवळ वडनेमेली इथे इरुळा जमातीच्या सर्पपारध्यांची सहकारी संस्था १९७८ पासून आहे. सापांच्या कातड्यांच्या व्यापारावर बंदी आल्यावर त्यांच्या कसबाला विष गोळा करण्याचं नवं काम मिळालं. तिथेही साप मडक्यातच ठेवतात. तळाला वाळू आणि तोंडाला सुती कापड. साप साधारण महिनाभर राहतो, आठवड्याला एकदा त्याचं विष घेतात आणि मग पोटाच्या खवल्यावर खूण करून त्याला रानात सोडतात. वाळू बदलता येते, कापड धुता येतं, आणि मुक्काम किती दिवसांचा हे ठरलेलं असतं. आपण महाराष्ट्रात जे केलं नाही ते तिथे घडलं: जुनं कसब टिकलं आणि त्याला हिशेबाची जोड मिळाली.

प्लेगच्या इमारतीत साप

आता निर्जंतुक हा शब्द सापाच्या घरापर्यंत कसा पोचला ते पाहू. तो प्लेगच्या वाटेनं आला.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळालं. पुढे याच संस्थेत सर्पविषाचं काम सुरू झालं, साप ठेवले जाऊ लागले, घोड्यांच्या रक्तद्रवातून प्रतिविष तयार होऊ लागलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालणारं जे प्रतिविष आज आपल्या ग्रामीण रुग्णालयात मिळतं, त्याच्या इतिहासातलं परळ हे एक महत्त्वाचं ठिकाण.

गंमत पाहा. त्याच १८९९ साली ब्राझीलच्या सांतोस बंदरात प्लेग आला. त्यावर रक्तद्रव तयार करायला साओ पावलोजवळ बुतांतान इथे प्रयोगशाळा उभी राहिली, १९०१ मध्ये तिला संस्थेचं रूप आलं, आणि व्हितल ब्राझील या तिच्या पहिल्या संचालकांनी तिथे सर्पविषावरचं प्रतिविष बनवलं. तीही संस्था प्लेगमधून जन्मली आणि सापांमुळे जगप्रसिद्ध झाली. हा निव्वळ योगायोग नव्हता. घोड्याच्या शरीरात प्रतिकारद्रव्य तयार करून घ्यायचं तंत्र दोन्हींसाठी एकच होतं. साप आणि जंतुशास्त्र पहिल्यांदा एका छपराखाली राहू लागले ते असे.

एका छपराखाली आल्यावर सापाच्या पेटीकडे पाहण्याची नजर बदलली. आता साप हे औषधाचं मूळ होतं. पेटी मळकी राहिली तर सापाच्या तोंडाला जंतुसंसर्ग होणार, साप मरणार, नाहीतर त्याच्या विषात घाण उतरणार. भक्तीनं जे झालं नाही ते गरजेनं झालं. हे सत्य थोडं कडू आहे.

जंतुशास्त्राच्या घरातही चूक किती बारीक असू शकते, हे त्याच काळात दिसलं. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्या लोकांपैकी १९ जण धनुर्वातानं दगावले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून दिलेली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पद गमवावं लागलं. पुढे असं समोर आलं की बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त होऊन भारतात परतले. लस चांगली, बाटली बंद, कामाला हात सराईत. आणि मधला एक चिमटा. सापाच्या दहा पेट्या धुणाऱ्यानं हा चिमटा विसरू नये. रोग सहसा पेटीतून पेटीत आपोआप जात नाही. तो आकडीवरून जातो, ब्रशवरून जातो, आपल्या हातावरून जातो.

प्लेगनं आणखी एक वस्तू दिली. त्या वर्षांत मुंबईच्या गटारांतून आणि चाळींतून कार्बोलिक ॲसिड ओतलं गेलं. घरात घुसून सामान बाहेर काढणारी, भिंतींना चुना फासणारी पथकं लोकांच्या आठवणीत राहिली ती भीतीनं आणि रागानं. पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या वधापर्यंत तो राग गेला. पथकं गेली, पण तो वास राहिला. दगडी कोळशाच्या डांबरातून येणाऱ्या त्याच कुळातलं काळं फिनेल आपल्या दवाखान्यांत, शाळांत, घरांत आलं. फिनेलचा वास आला की स्वच्छता झाली, असं आपल्या नाकाला शिकवलं गेलं. आजच्या विषयातला सर्वांत मोठा धोका नेमका इथे आहे.

काचेची पेटी

१९७२ हे साल दोन कारणांनी महत्त्वाचं. त्या वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्याच वर्षी रोम्युलस व्हिटेकर यांनी उभारलेलं सर्पोद्यान मद्रासच्या गिंडीत स्थिरावलं. महाराष्ट्रात १९८० मध्ये नीलिमकुमार खैरे यांनी पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास काढले, आणि पुढे १९८६ मध्ये त्यांच्या पुढाकारानं कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. काचेनं एक मोठा बदल केला. टोपलीत आणि मडक्यात मळ झाकलेला होता. काचेत तो शंभर माणसांना दिसतो. पेटी स्वच्छ ठेवणं हा आता संस्थेच्या अब्रूचा प्रश्न झाला. मात्र काच डोळ्यांना स्वच्छ दिसते म्हणून ती निर्जंतुक असते, असं नाही. आपले तीन शब्द इथेही वेगळे ठेवावे लागतात.

पेटी कशी धुवावी

आता प्रत्यक्ष रीत पाहू. प्रत्येक पायरीला कारण आहे; कारण समजलं की पायरी विसरत नाही.

पहिली पायरी, साप आधी हलवायचा. साप आत असताना पेटी धुवायची नाही, हा नियम बिनविषारी सापालाही लागू. दुसरी बंद, हवा येणारी, कुलूप लागणारी पेटी आधी तयार ठेवायची. साप विषारी असेल तर हे काम फक्त प्रशिक्षित माणसांनी, दोघांनी मिळून करायचं. चांगल्या संस्थांत पेटीला जोडूनच सरकत्या दाराचा छोटा कप्पा असतो; साप त्यात गेला की दार बंद, हात लावायची गरजच नाही.

दुसरी पायरी झाडूची. विष्ठा, कात, न खाल्लेला उंदीर, तळाचा कागद किंवा भुसा, सगळं काढून पिशवीत बांधायचं. सापाच्या विष्ठेबरोबर खडूसारखा पांढरा भाग असतो. ते त्याचं मूत्र, घनरूपात. सापाची प्रकृती वाचायची ही जागा आहे: विष्ठेत रक्त आहे का, कातीवर डोळ्यांच्या चकत्या निघाल्या का, तळाला काळे बारीक ठिपके हलताहेत का. ते ठिपके म्हणजे माइट हे रक्त पिणारे किडे. पेटीच्या फटीत ते अंडी घालतात. हे न पाहता जो कचरा फेकतो त्यानं अर्धी माहिती फेकली.

तिसरी पायरी साबण आणि गरम पाण्याची. घासून, कोपरे खरवडून. इथे गाडगेबाबांचा क्रम येतो. मळ असताना ओतलेलं जंतुनाशक मळावरच खर्ची पडतं. क्लोरीनची बहुतेक शक्ती विष्ठेतल्या सेंद्रिय पदार्थांशी भिडण्यात संपते, जंतू खाली सुखरूप राहतात. मळावर औषध ओतणं म्हणजे न झाडलेल्या अंगणात सडा घालण्यासारखं.

चौथी पायरी जंतुनाशकाची. घरगुती ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, एक भागाला पाणी सुमारे तीस भाग, त्याच दिवशी कालवलेलं. ते लावून किमान दहा मिनिटं पृष्ठभाग ओला ठेवायचा. ही दहा मिनिटं आपल्याकडे कोणी थांबत नाही. पुसलं की झालं, असं वाटतं. जंतू मरायला वेळ लागतो. क्लोरीनचा हा गुण आपल्याला नवा नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी बाळंतिणींना वाचवायला डॉक्टरांचे हात ज्या क्लोरीनयुक्त चुन्यानं धुवायला लावले, त्याच कुळातली टीसीएल पावडर आपली ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्यात टाकते. बाटल्यांवरची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून लेबल वाचूनच प्रमाण ठरवावं. ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि तो साप-माणूस असा भेद करत नाही. खिडक्या उघड्या, हातात मोजे.

पाचवी पायरी धुण्याची आणि वाळवण्याची. भरपूर साध्या पाण्यानं, वास पूर्ण जाईपर्यंत. मग ऊन. गाद्यांना आणि पापडांना आपण जसं ऊन दाखवतो तसं पेटीला दाखवायचं. पूर्ण कोरडी झाल्याशिवाय साप परत नाही.

लाकडाचे तुकडे, सच्छिद्र मडकी, दोऱ्या यांची खात्री देता येत नाही. आजारी सापाच्या पेटीतल्या असतील तर टाकून द्याव्यात. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी आहे. ब्लीचला तो दाद देत नाही. तिथे उष्णता किंवा त्याग, हे दोनच मार्ग. नवा साप आला की त्याला निदान तीन महिने वेगळं ठेवायचं, तळाला साधा वर्तमानपत्राचा कागद, आणि त्याची आकडी, भांडं, ब्रश सगळं वेगळं. साफसफाईचा क्रम निरोग्याकडून आजाऱ्याकडे. उलटा कधीच नाही.

आता फिनेल. काळं फिनेल, पाइनच्या तेलाचं पांढरं फिनेल, फिनॉल असलेली औषधं आणि कपाटातल्या डांबर गोळ्या, हे सगळं सापाच्या पेटीपासून दूर. कारण शरीररचनेत आहे. आपण जमिनीला तळपायानं स्पर्श करतो. साप सबंध पोटानं करतो. तळाला राहिलेला थर दिवसरात्र त्याच्या त्वचेला लागतो. बहुतेक सापांत एकच फुप्फुस कामाचं असतं आणि बंद पेटीत वाफ कोंडते. शिवाय तो जिभेनं हवेतले कण टिपून टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो. त्याचं जग वासाचं आहे. आपल्याला ज्या वासानं घर स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं, तो वास त्याला आजारी पाडतो, प्रसंगी मारतो. स्वच्छतेविषयी विचारायचा खरा प्रश्न म्हणून हा आहे: कोणाच्या शरीरासाठी स्वच्छ? रोज सगळी पेटी घासून काढणंही त्याच कारणानं बरं नाही. विष्ठा दिसली की तेवढी लगेच काढावी, पाण्याचं भांडं रोज धुवावं, संपूर्ण धुणं ठरलेल्या अंतरानं.

पेटीबाहेरचं मूल

दुसरं शरीर आपलं. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या आतड्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. त्याला त्रास होत नाही, माणसाला जुलाब, ताप, आणि लहान मुलांत त्याहून गंभीर आजार होऊ शकतो. अमेरिकेत लहान मुलं चिमुकली कासवं हाताळून आजारी पडू लागली, तेव्हा १९७५ मध्ये चार इंचांहून लहान पाठीच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. सापाची गोष्ट वेगळी नाही. म्हणून सापाची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत कधीच धुवायची नाहीत. धुण्याचं पाणी संडासात टाकायचं. बादली आणि ब्रश स्वतंत्र, रंगानं ओळखू येणारे. काम झालं की साबणानं हात. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांनी या कामापासून लांबच राहावं.

आता सर्पमित्राच्या बरणीकडे येऊ. बरणी एक, साप अनेक. सकाळी धामण, दुपारी घोणस, संध्याकाळी नाग, त्याच प्लास्टिकमध्ये, मध्ये पाण्याचा एक हबकासुद्धा नाही. सकाळच्या सापाचे माइट, त्याची विष्ठा, त्याचा आजार संध्याकाळच्या सापाला मिळतो, आणि तो साप सोडला जातो रानात. ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला सोडलेला एक आजारी साप तिथल्या निरोगी सापांत काय नेतो, याचा हिशेब कोण ठेवणार? सर्पमित्राचा हेतू चांगला असतो. मुलकोवालच्या चिमट्यामागेही वाईट हेतू नव्हता. उपाय स्वस्त आहे. दोन-तीन बरण्या, एक ब्रश, साबण, ब्लीच आणि ऊन. साप पकडला की वनविभागाला कळवायचं, त्याला लवकर आणि जवळच्याच योग्य जागी सोडायचं, आणि बरणी दुसऱ्या सापासाठी उघडण्याआधी धुवायची. कापडी पिशवी असेल तर उकळायची. बरणी घरात फ्रीजवर किंवा पलंगाखाली ठेवायची नाही. त्या घरात रांगणारं मूल असतं.

आणि मांडूळ. गुप्तधन मिळवून देणारा, वजनावर लाखांत विकला जाणारा, अशी अफवा असलेला हा निरुपद्रवी साप आपल्या राज्यात पोलीस पुन्हापुन्हा जप्त करतात. ड्रममध्ये, गोणपाटात, दिवसेंदिवस उपाशी आणि स्वतःच्याच घाणीत. ज्याला तो लक्ष्मी समजतो, त्याचाच ड्रम धुवायला माणूस तयार नसतो. आपण सुरुवातीला बोललो ते शुद्ध आणि स्वच्छ यांचं भांडण आजही सुटलेलं नाही, ते असं.

परदेशी साप बाळगणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. २०२० मध्ये केंद्र सरकारनं अशा प्राण्यांची माहिती आपणहून द्यायला सांगितलं, आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीनं आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीतल्या जातींची नोंद सक्तीची केली. बॉल पायथन त्या यादीत येतो. नोंद करणं ही जबाबदारीची पहिली पायरी आहे. पेटी धुणं ही रोजची.

मित्रहो, टोपलीपासून काचेपर्यंत येताना सापाची पूजा झाली, त्याचा खेळ झाला, त्याच्यापासून औषध झालं, त्याच्यासाठी कायदा झाला. या सगळ्यांत त्याची विष्ठा उचलणाऱ्या माणसाचं नाव कुठे नोंदलेलं नाही. कात्रजला, परळला, वडनेमेलीला रोज सकाळी बादली घेऊन पेटीपुढे उभी राहणारी ती माणसं या इतिहासाची खरी जाणकार. सापाविषयी त्यांना जे कळतं ते आमच्यासारख्या पुस्तकी माणसांना कळत नाही. पुढच्या वेळी सर्पोद्यानात गेलात तर नागाचा फणा बघून झाल्यावर त्या कामगाराशी दोन शब्द बोला. तळाचा कागद कधी बदलला, हे विचारा. तो आनंदानं सांगेल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.